कागदावरची दोन अक्षरं

महामार्गाने गुजरातकडे जाणाऱ्या माणसाला चिंचोटी माहीत असते ती दोन गोष्टींमुळे: पावसाळ्यातला धबधबा आणि बारमाही ट्रॅफिक. नाक्यावरून कामण-भिवंडीच्या रस्त्याला लागलं की तुंगारेश्वरच्या डोंगराला धरून आदिवासी पाडे आहेत, आणि त्यांच्या शेजारी गोदामं, कारखाने, विदर्भ-खानदेशातून, थेट उत्तरेतूनही आलेल्या कामगारांच्या चाळी. पालघर हा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीतला जिल्हा. आशाताई नाहीतर आरोग्यसेविका येते, बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेते आणि काही दिवसांनी घरात एक कागद येतो. तपासणी पुरी झाली असेल तर त्यावर नावापुढे दोन अक्षरं असतात: एए, एएस किंवा एसएस.

बऱ्याच घरांत हा कागद रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत जाऊन पडतो, तो लग्नाची बोलणी निघेपर्यंत बाहेर येत नाही. काही घरांत उलटं होतं. ‘एएस’ दिसलं की धसका बसतो, रक्तात खोट आहे म्हणून पोरीला शेतावर पाठवायचं बंद होतं. दोन्ही चूक. हा कागद वाचायला डीएनए, जनुक आणि गुणसूत्र हे तीनच शब्द पुरतात. नववीच्या विज्ञानात ‘आनुवंशिकता व परिवर्तन’ या धड्यात ते येतात, परीक्षेत दोन-तीन गुण देतात आणि निकालानंतर विसरले जातात. त्यांची खरी गरज पडते ती या कागदापाशी.

आधी डोळ्यांनी बघा

डीएनएची व्याख्या पाठ करण्याआधी तो बघून घ्यावा, या मताचा मी आहे. वसई तालुक्यात केळं मिळायची पंचाईत नाही. चांगलं पिकलेलं केळं घ्या, त्यातलं अर्धं वाटीत चमच्याने कुस्करा. मिक्सर लावू नका, डीएनएचे धागे तुटतात. दुसऱ्या भांड्यात अर्धा कप पाणी, अर्धा चमचा मीठ आणि दोन चमचे भांडी घासायचं लिक्विड हलक्या हाताने एकत्र करा. फेस आला की पुढचं सगळं फसतं, म्हणून घाई नको. हे पाणी केळ्यात मिसळा, दहा मिनिटं ठेवा, मग गाळणीवर सुती फडक्याचा तुकडा टाकून गाळून घ्या. पिळू नका, जेवढं आपसूक खाली येईल तेवढं पुरे.

गाळलेलं पाणी अरुंद काचेच्या ग्लासात दोन बोटं घ्या. औषधाच्या दुकानातून आणलेलं सर्जिकल स्पिरिट झाकण घट्ट लावून तासभर फ्रीजरमध्ये ठेवलेलं असू द्या. ग्लास तिरका करून ते तेवढंच, कडेकडेने अलगद सोडा. ढवळू नका. पाच-दहा मिनिटांत दोन थरांच्या मधोमध पांढरट ढग धरतो आणि त्यातून चिकट तंतू वर येतात. अगरबत्तीच्या काडीला गुंडाळून ते बाहेर काढता येतात. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हा उद्योग गॅसच्या ओट्यावर करायचा नाही आणि बाटली पोरांच्या हातात द्यायची नाही. सॅनिटायझरच्या जेलने काम होत नाही, आणि स्पिरिट कोमट असलं तर ढग नीट धरत नाही. शाळांमध्ये प्रयोग फसतो तो बहुतेक या दोन कारणांनी.

साबणाने पेशीचं आणि आतल्या केंद्रकाचं आवरण फोडलं, कारण ती आवरणं मुख्यतः मेदाची असतात. डीएनएवर ऋण विद्युतभार असतो, तो मिठाने झाकला गेला म्हणून धागे एकमेकांजवळ आले. थंड स्पिरिटात डीएनए विरघळत नाही, म्हणून तो पाण्यातून वेगळा झाला. काडीवर आलेला गोळा निव्वळ डीएनए नसतो, त्यात केळ्यातलं पेक्टिन आणि इतर पदार्थही असतात. आणि पुस्तकातली ती पीळदार शिडीही इथे दिसणार नाही. दिसतात ते असंख्य धाग्यांचे पुंजके.

वसईच्या केळ्याबद्दल जाता जाता एक. खाण्याच्या बहुतेक केळ्यांत गुणसूत्रांचे, म्हणजे डीएनएच्या गुंडाळलेल्या काड्यांचे, दोन नव्हे, तीन संच असतात. अकराचे तीन, म्हणजे तेहतीस. तिघांची जोडी लागत नाही, म्हणून बी धरत नाही, म्हणून बागायतदाराला मुनवे लावूनच बाग वाढवावी लागते. ज्या राजेळीची सुकेळी होतात तीही याच तिहेरी कुळातली. मुनव्यापासून आलेल्या झाडाचा डीएनए आईच्या झाडासारखाच असतो. माणसाचं तसं नाही, आणि तिथेच आपला कागद सुरू होतो.

धागा, फिरकी आणि एक जागा

तुमच्या शरीरातल्या जवळपास प्रत्येक पेशीच्या केंद्रकात सुमारे दोन मीटर डीएनए असतो आणि केंद्रकाची रुंदी मिलीमीटरच्या शंभराव्या भागाहूनही कमी. एवढा धागा तिथे मावतो तो मांजा फिरकीवर गुंडाळावा तसा गुंडाळल्यामुळे. फिरकीचं काम करतात हिस्टोन नावाची प्रथिनं. पेशी विभागायला आली की हे गुंडाळलेले धागे आणखी घट्ट होऊन सूक्ष्मदर्शकाखाली आखूड काड्यांसारखे दिसू लागतात. ही गुणसूत्रं. कांद्याच्या मुळाचं टोक रंगवून बघितलं तर शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातही दिसतात, कांद्याची सोळा असतात. माणसाची ४६ आहेत हे ठरलं १९५६ साली, टिओ आणि लेव्हान यांच्या कामातून. त्याआधी कित्येक वर्षं पुस्तकांतून ४८ छापलं जात होतं.

४६ म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक आईकडून, एक वडिलांकडून. शेवटची जोडी लिंग ठरवते: बाईची एक्स-एक्स, पुरुषाची एक्स-वाय. आई प्रत्येक बाळाला एक्सच देणार, वाय द्यायचं की नाही हे बापाच्या शुक्रपेशीवर. ‘तिला मुलगीच होते’ म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या घरात हे एकदा मोठ्याने वाचून दाखवा.

डीएनएचा धागा दुपदरी असतो आणि त्यावर चार रासायनिक घटकांची माळ असते. त्यांची नावं आद्याक्षरांनी सांगतात: ए, टी, जी, सी. एका पदरावर ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी. एका संचात अशी ३०० कोटींच्या वर अक्षरं आहेत. यातला एखादा ठरावीक पट्टा पेशीला एखादं प्रथिन कसं बनवायचं ते सांगतो, तो पट्टा म्हणजे जनुक. प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं माणसात आहेत आणि त्यांतला प्रत्यक्ष प्रथिनाचा मजकूर सगळ्या डीएनएचा दोन टक्केही नाही. उरलेल्यातला काही भाग जनुकांना चालू-बंद करतो.

जनुकाची जागा ठरलेली असते. आपल्याला हवी असलेली जागा आहे गुणसूत्र क्रमांक ११ वर, त्याच्या आखूड बाजूच्या टोकाजवळ. तिथे बीटा ग्लोबिनचं जनुक आहे. रक्त लाल करणारं आणि प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं असतं, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओळीने गुंफलेली असतात. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल हवं. त्यासाठी जनुकात जीएजी अशी तीन अक्षरं असतात. सिकलसेलमध्ये मधल्या ए ऐवजी टी असतो, जीटीजी होतं आणि सहाव्या जागी व्हॅलिन येऊन बसतं. ३०० कोटींत एक अक्षर. पेशीत प्राणवायू कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब कांड्या बनवतं, आणि गोल, लवचीक तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी, ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, म्हणून हाडं-सांधे ठणकतात. शिवाय १२० दिवस जगायची ती पेशी दहा-वीस दिवसांत फुटते, म्हणून रक्त कमी पडतं.

हा आजार एका रेणूतला बदल आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं, नेमका कुठला दुवा बदलला ते व्हर्नन इन्ग्राम यांनी १९५६-५७ मध्ये. भारतात सिकलसेलची नोंद १९५२ सालची, निलगिरीतल्या आदिवासींमधली. महाराष्ट्रात पाड्यापाड्यांवर जाऊन रक्त तपासण्याचं काम पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी अनेक वर्षं केलं, त्यासाठी त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली.

आता कागद उघडा

सुरुवातीलाच एक गोंधळ काढून टाका. कागदावरचा ‘ए’ आणि डीएनएच्या अक्षरांतला ‘ए’ यांचा एकमेकांशी संबंध नाही. कागदावरचा ए म्हणजे मोठ्या माणसाचं नेहमीचं हिमोग्लोबिन, एस म्हणजे विळा-पेशीचं. अक्षरं दोन आहेत कारण ११ क्रमांकाची गुणसूत्रं दोन आहेत, एक आईचं आणि एक बापाचं. एए म्हणजे दोन्ही जनुकं नेहमीची. एएस म्हणजे एक नेहमीचं, एक बदललेलं: हा वाहक. एसएस म्हणजे दोन्ही बदललेली: हा रुग्ण.

वाहक आजारी नसतो. त्याचं नेहमीचं जनुक पुरेसं चांगलं हिमोग्लोबिन बनवतं. तो लावणी करू शकतो, गोदामात माल उतरवू शकतो, कबड्डी खेळू शकतो. तो जन्मभर वाहकच राहतो, पुढे त्याचा ‘एसएस’ होत नाही, आणि त्याच्याकडून कुणाला काही लागत नाही. एएस असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन आठ-नऊवर आलं असेल तर दोष त्या एसला देऊन मोकळं होऊ नका. बहुतेक वेळा कारण लोहाची कमतरता असते आणि तिच्यावर उपचार आहे.

हे जनुक डोंगरपट्ट्यांत टिकलं त्यालाही कारण आहे. एका एसमुळे मलेरियाच्या जीवघेण्या प्रकारापासून लहान मुलाचं बरंच रक्षण होतं. मलेरिया पिढ्यान्पिढ्या मुक्कामाला होता तिथे वाहक मुलं जास्त वाचली, मोठी झाली, त्यांचा वंश वाढला. तेव्हा ही ‘खराब रक्ता’ची खूण नव्हे. आणि ती फक्त आदिवासींत सापडते असंही नाही. विदर्भात इतर अनेक समाजांत ती आहे, त्यामुळे चाळीतल्या भाडेकरूंनी ‘हे पाड्यावरच्यांचं’ म्हणून तपासणी टाळू नये.

कागद कामाचा ठरतो तो दोन कागद शेजारी ठेवल्यावर. नवरा-बायको दोघं एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के, एए असण्याची २५ टक्के. एक एएस आणि दुसरं एए असेल तर बाळ एसएस होत नाही, वाहक होण्याची शक्यता निम्मी. एक एसएस, दुसरं एए: सगळी मुलं वाहक. एक एसएस, दुसरं एएस: निम्मी शक्यता एसएसची. यातला ‘प्रत्येक गरोदरपणात’ हा भाग लोक विसरतात. पहिलं मूल एसएस झालं म्हणजे पुढची तीन बिनघोर, असा हिशेब नसतो. दर वेळी गुणसूत्रांची वाटणी नव्याने होते.

दोघं वाहक निघाले म्हणून सोयरीक मोडा, असं मी सांगणार नाही. तो निर्णय त्या दोघांचा. मात्र तो कागद बघून व्हावा, आणि दोन्ही बाजूंचा कागद बघून. मुलीकडच्यांना रिपोर्ट विचारला जातो, मुलाचा मागायला मात्र कुणाची जीभ रेटत नाही. वर बघितलं तसं बाळाकडे एक गुणसूत्र बापाकडूनही जातं, तेव्हा अर्धा हिशेब करून उपयोग काय?

कागदावर तपासणी कुठली झाली तेही बघा. पाड्यावर होते ती बहुधा सोल्युबिलिटी टेस्ट: रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात, नळीमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर एस नाही, पाणी गढुळून रेघा दिसेनाशा झाल्या तर एस आहे. पण एएस की एसएस हे ही टेस्ट सांगत नाही. ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेलं असेल तर काम अर्धं राहिलं आहे. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी मागून घ्या. एचपीएलसीच्या कागदावर टक्केवारी असते. वाहकात एस साधारण ३० ते ४० टक्के आणि ए त्याहून जास्त, तर एसएसमध्ये ए जवळजवळ नसतोच, आणि नुकतंच रक्त चढवलं असेल तर हे आकडे फसवतात. तान्ह्या बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन भरपूर असतं, म्हणून सहा महिन्यांच्या आत सोल्युबिलिटी टेस्टवर विसंबू नका.

एचपीएलसी करताना थॅलेसेमियाच्या वाहकाबद्दलही विचारा. थॅलेसेमियाचं बदललेलं जनुकही त्याच जागेवरचं, ११ व्या गुणसूत्रावरचं. एका जोडीदाराकडे एस आणि दुसऱ्याकडे बीटा थॅलेसेमिया असेल, तर बाळाला दोन्ही मिळून सिकलसेलसारखाच आजार होण्याची शक्यता २५ टक्के. ‘त्याच्याकडे सिकल नाही’ एवढ्यावर निर्धास्त झालेली जोडपी इथे अडकतात.

घरात एसएस मूल असेल तर त्याला भरपूर पाणी पाजा, ताप अंगावर काढू देऊ नका, लसी चुकवू नका, आणि फॉलिक ॲसिड व डॉक्टरांनी दिलं असेल तर हायड्रॉक्सीयुरिया नियमित ठेवा. लोहाच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. पावसाळ्यात सगळी पोरं धबधब्याच्या पाण्यात उतरतात. एसएसच्या मुलाला तिथे धाडू नये, गार पाण्यात अंग एकदम थंड पडलं की दुखणं उसळू शकतं. आईबाप हंगामाला वीटभट्टीवर जाणार असतील तर कागद आणि गोळ्या बरोबर न्याव्या. भट्टीची धग आणि कमी पाणी हेही दुखणं उसळायला पुरेसं कारण आहे. छातीत दुखून धाप लागणं, पोट डाव्या बाजूला फुगून मूल पांढरं पडणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता रुग्णालय गाठा. भगताकडे जायचंच असेल तर नंतर जा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजार धरला आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी आणि दहावी-बारावीच्या सवलतींसाठी विचारणा करा.

केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सुरू झाली. शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं तिचं उद्दिष्ट आहे. त्यात तुमचा पाडा येईल तेव्हा येईल, लग्न किंवा गरोदरपण समोर असेल तर थांबू नका, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पालिकेच्या दवाखान्यात जाऊन तपासणी मागा.

दोघंही वाहक असाल आणि दिवस गेले असतील तर वेळ फार थोडा असतो. बाळाला एसएस आहे का हे पोटात असतानाच तपासता येतं. वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन दहा ते बाराव्या आठवड्यात, किंवा गर्भजल घेऊन साधारण सोळाव्या आठवड्यात. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्था आहे, १९५७ सालापासूनची. लोक तिला एनआयआयएच म्हणतात. अशा तपासण्यांचं तिथे अनेक वर्षांचं काम आहे. नायगाव किंवा वसई रोडहून लोकलने दादर, तिथून परळ. जाताना दोघांचे मूळ रिपोर्ट घ्या, फोटोवर भागवू नका. गर्भाच्या हिमोग्लोबिनवरून या वयात काही ठरवणं कठीण असतं, म्हणून तिथे थेट डीएनएच वाचतात. आणि ११ व्या गुणसूत्रावर नेमका कुठला बदल शोधायचा, हे त्यांना आईबापाच्या रक्तावरूनच कळतं. पाळी चुकल्याचं लक्षात आलं त्याच आठवड्यात आशाताईला सांगा. तिसरा महिना संपेपर्यंत सासरच्यांनाही कळू द्यायचं नाही ही रीत इथे बाजूला ठेवावी लागेल.